चिकाची मुदत

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्या भागात आनंद असतो. ऊस जाणार, रान मोकळं होणार, जनावरांना उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं मिळणार. मी मात्र त्या दिवसांत गाडी हळू चालवते. पुढं चाललेला बैल पाय कसा टाकतोय, त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबतेय का, याकडं माझं लक्ष असतं. एका वर्षी जे पाहिलं, त्यानंतर ही सवय लागली आणि अजून सुटलेली नाही.

मी जनावरांची डॉक्टर. घर शिरूरला, नवरा रांजणगावला एका कंपनीत शिफ्टमध्ये. माझा दवाखाना दौंड तालुक्यात, भीमेच्या काठावरच्या एका गावात. रोज न्हावऱ्याच्या रस्त्यानं निघायचं आणि नदीवरचा पूल ओलांडून पलीकडं जायचं. माझं आजोळ त्याच गावच्या शिवारात आहे. मामांच्या वडिलांपर्यंत आमच्या आजोळी मेंढरं होती. मामा स्वतः लहानपणी कळपामागं कोकणापर्यंत चालत गेलेले. मग कालव्याचं पाणी आलं, जमीन भिजली, आणि मेंढरांच्या जागी काळ्या-पांढऱ्या संकरित गाई उभ्या राहिल्या. त्या वर्षी गोठ्यात दहा-बारा गाई होत्या आणि चार कालवडी. कालवडी मामींच्या ताब्यात. त्यांना दूध पाजणं, माश्या वारणं, कानामागं खाजवणं, सगळं मामीच करायच्या.

लाळ-खुरकुताची लस मामा कधी चुकवत नसत. गावात बरेच जण चुकवत. कारण त्या लशीत तेल असतं. ते तेल लशीला मानेच्या मांसात धरून ठेवतं, थोडी थोडी सोडतं, आणि तिथं शरीराला इतकं डिवचतं की शरीर जोरात अँटिबॉडी तयार करतं. आमच्या पुस्तकात त्याला अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात. शेतकऱ्याला दिसते ती गाठ. टोचलेल्या जागी लिंबाएवढी गाठ येते, गाईला ताप येतो, चार दिवस दूध आटतं.

"ह्या तेलानं माझ्या गायीची मान वाकडी झाली हुती मागं," मामी दर वेळी म्हणायच्या.

"वाकडी झाली, पर उभी ऱ्हायली," मामा म्हणायचे. "आमच्या म्हाताऱ्याच्या कळपाला खुरकूत लागली तवा मी बघितलीय. खुरं गळून पडायची. मेंढरं गुडघ्यावर चालायची. ज्यांना चालता येईना त्यांना माळावर सोडून आम्ही पुढं गेलो. मागून त्यांचं वरडणं आईकू यायचं." एवढं बोलून ते गाईची मान स्वतः धरायचे आणि मला म्हणायचे, "टोच, पोरी."

त्या वर्षी पावसाळा संपताना मी सगळ्या गोठ्याला लस दिली, चारही कालवडींना पहिल्यांदाच. लशीच्या वयात त्या बसत होत्या. थोरली चांगली अंगानं भरलेली, बाकीच्या तिघी तिच्यामागं थोड्या थोड्या अंतरानं जन्मलेल्या. पहिल्या लशीनंतर महिनाभरानं वासरांना दुसरी द्यावी लागते. तसं मी मामांना सांगून ठेवलं.

मध्ये दिवाळी झाली. त्यानंतर लशीचा परिणाम तपासायला रक्ताचे नमुने घ्यायचे होते. गावातले काही गोठे निवडले, त्यात मामांचाही घेतला. सुई शेपटीखालच्या शिरेत घातली की मामींनी तोंड फिरवलं.

"कशाला काढतीस गं रक्त? आजारी हायेत का त्या?"

"आजारी नाहीत. लस लागली का ते बघायचंय. अँटिबॉडी किती आल्यात ते."

"करोनात टीव्हीवर सांगायची ती?" मामांनी विचारलं.

"तीच."

"आन् न्हाई आल्या तर?"

"तर परत टोचू," मी म्हणाले. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

रक्त गोठू दिलं, वरचं पिवळसर पाणी छोट्या नळ्यांत काढलं, बर्फाच्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवलं आणि दौंडहून सकाळच्या डेमू गाडीनं मी स्वतःच पुण्याला घेऊन गेले. डब्यात समोर बसलेल्या रेल्वे कॉलनीतल्या एका बाईंनी विचारलं, मासे आहेत का. मी नुसतीच हसले.

तिथल्या प्रयोगशाळेत माझी कॉलेजातली मैत्रीण काम करते. काही दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका शेळीचा पाय बांधत होते.

"तुझ्या मामांच्या गाई झकास आहेत," ती म्हणाली. "इतक्या वर्षांच्या लशी दिसतायत. पण वासरं बघ. थोरली जरा बरी आहे. बाकी तिघींत काहीच चढलेलं नाही."

"लस मीच दिलीय. थंड होती, मुदतीत होती."

"लशीचा दोष नाही गं. आयाच जास्त चांगल्या आहेत."

मला कळलं. वासरू जन्मलं की पहिल्या चिकातून आईच्या अँटिबॉडी त्याच्या रक्तात येतात. आई जितकी नीट लस घेतलेली, तितका तिचा चीक दाट. काही महिने ते उसनं संरक्षण वासराला सांभाळतं, आणि त्याच दिवसांत वासराला लस टोचली तर आईच्या अँटिबॉडी ती लस आल्याआल्याच निकामी करतात. वासराचं शरीर स्वतः काही शिकतच नाही. नंतर आईचं उतरत जातं. मग वासराकडं आईचंही उरत नाही आणि स्वतःचंही नसतं. मामांच्या तीन कालवडी त्या उतारावर होत्या. मामांनी इतकी वर्षं मन लावून लशी घेतल्या, त्यानंच हे घडलं होतं.

मी फोन ठेवला आणि वरिष्ठांना लावला. दुसऱ्या डोससाठी लस हवी होती. शिल्लक संपलेली, नवीन यायची होती. "येईल आठवड्यात," उत्तर मिळालं. त्याच संध्याकाळी घरी जाताना नदीच्या अलीकडं मला पहिल्या टायरगाड्या दिसल्या. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आल्या होत्या. गाडीवर पत्रे, बांबू, भांडी, कोंबड्या, पोरं, आणि पुढं दमलेले बैल. ते किती गावं तुडवत आले होते आणि कुठल्या कुठल्या हौदांवर पाणी प्यायले होते, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी मामांना फोन केला. "बाहेरचं वाढं आणू नका. आणि बाहेरचा बैल आपल्या हौदावर येऊ देऊ नका."

"दर साली त्यांचंच वाढं घेतो की आपन."

"या साली नको."

मामा म्हणाले, "बरं."

लस आली ती ठरल्यापेक्षा उशिरानं. आल्या दिवशी सकाळीच मी मामांकडं पोचले. चारही कालवडींना टोचलं. धाकटीनं मामींच्या ओच्यात तोंड खुपसलं. मामींनी चहा केला. मला हायसं वाटत होतं, तरी मी त्यांना सांगितलं, "आज टोचली म्हणजे आज अंगात आली असं नाही. शरीराला वेळ लागतो. अजून बरेच दिवस जपायचंय."

चहा पिऊन बाहेर आले आणि गोठ्यामागच्या बांधापलीकडं निळे प्लॅस्टिकचे कागद दिसले. शेजारच्या उसाला तोड आली होती. पडीक तुकड्यात टोळीच्या कोप्या, त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहत होत्या. एक बाई भरलेला हंडा घेऊन मामांच्या हौदाकडून परत चालली होती. तिच्यामागं तिचा नवरा बैलजोडी घेऊन निघालेला. उजवीकडचा बैल मागचा पाय झटकत होता, चिखल झटकावा तसा. तिथं चिखल नव्हता.

मी हौदापाशी गेले. काठाला लाळेची लांब, जाड तार लागलेली होती. ऊन पडून ती चकाकत होती.

"मामी, हे कधीपासून येतायत पाण्याला?"

"कालपासनं. लेकुरवाळी बाई हाय. मागितलं पानी, मी म्हनलं घ्या."

"बैलही प्यायले?"

मामींनी होकारार्थी मान हलवली; मामा रानात असताना बैल हौदावर आले होते.

मी बांध ओलांडून गेले. त्या बैलाचं तोंड उघडून पाहिलं. जिभेवरची कातडी सोलून आलेली, हिरडीवर फुटलेले फोड. खुरांच्या बेचक्यात तेच. नवरा म्हणाला, "गाडी वढतंय की अजून." बाई माझे हात बघत होती.

त्या दिवशी हौद उपसला, धुण्याच्या सोड्यानं घासला, गोठ्याच्या तोंडाशी चुना टाकला. मामा म्हणाले, "त्यांना पानी न्हाई म्हनायचं का आता?" मामी म्हणाल्या, "पान्याला न्हाई कसं म्हनायचं?" शेवटी मामांनीच मार्ग काढला. मोटारीला लांब पाइप जोडून बांधाच्या पलीकडं नेला आणि तिथं एक पिंप ठेवलं. त्यांनी तिकडंच भरायचं, इकडं यायचं नाही. मी वर कळवलं, आसपासच्या गोठ्यांची लस सुरू केली. पण मी रोगाच्या जागेवरून येतेय हे लोकांना कळलं होतं. पुढच्या वस्तीवर एक ओळखीचा शेतकरी फाटकात आडवा उभा राहिला.

"मॅडम, राग नका मानू. तुम्ही आत नका येऊ. तुमच्या पायाला आसंल ते."

त्याचं बरोबर होतं. माझ्या बुटांवर, हातांवर, गाडीच्या चाकांवर काय असेल, हे मला तरी कुठं दिसत होतं? मी त्याला सांगितलं, लस दुसऱ्या सहकाऱ्याकडून पाठवते. घरी गेले की कपडे अंगणातच सोड्याच्या पाण्यात टाकायचे, आंघोळ करूनच आत जायचं. नवरा एकदा म्हणाला, "करोनात तरी एवढं केलं नव्हतं आपण."

मग वाट पाहणं. याइतकं वाईट काही नसतं. मी रोज सकाळी मामांकडं जायचे. गाईंचा ताप मोजायचा, तोंडं बघायची. कालवडी दूध पीत होत्या, उड्या मारत होत्या. त्यांच्या आत रोगाची आणि लशीची शर्यत लागली होती आणि बाहेरून काही दिसत नव्हतं. गाईंपैकी एकीच्या हिरडीवर छोटा फोड आला आणि दोन दिवसांत बसला. बाकी गाई शांतपणे रवंथ करत राहिल्या. तेलानं आलेल्या जुन्या गाठी अजून त्यांच्या मानेवर होत्या. मामा त्यांवरून हात फिरवायचे.

"हिथं हाय म्हन की सगळं," ते म्हणायचे.

त्यानंतरच्या एका सकाळी मी गोठ्यात शिरले तर मामी धाकटीला दूध पाजत होत्या. तिची आई दुसरीकडं बांधलेली. धाकटी नेहमीसारखी ढुशा देत पीत होती. तोंडात एक फोड नाही, लाळ नाही. पिता पिता ती थांबली. मान वर केली. पुढचे पाय फाकवले, एकदाच हंबरल्यासारखा आवाज केला आणि आडवी झाली. मामींच्या हातातली बाटली तशीच राहिली. मी धावत जाऊन छातीवर हात ठेवला. आत काही नव्हतं.

"ठसका लागला गं तिला," मामी म्हणत राहिल्या. "ठसका लागला. पाठीवर मार. मार की."

मी पाठीवर मारलं नाही. मामांनी मामींना उठवून घरात नेलं.

कारण शोधायला मला तिला उघडावं लागलं. शेताच्या कडेला, मामांनी खणलेल्या खड्ड्याजवळ. लहान वासरांत हा रोग कधीकधी तोंडात दिसायच्या आधीच काळजाला धरतो. मी पुस्तकात वाचलं होतं, चित्र पाहिलं होतं. हातात घेतलं ते पहिल्यांदाच. तांबड्या मांसावर फिकट पिवळे पट्टे, वाघाच्या कातड्यावर असावेत तसे. मामा खोऱ्यावर रेलून बघत होते.

"हे रोगानं केलं?"

"हो."

"एवढ्याशा काळजावर," ते म्हणाले, आणि माती ओढायला लागले.

दुपारी मामींनी बांधाकडं जाणाऱ्या पाइपचा कॉक बंद केला. पिंप रिकामं झालं तशी ती ऊसतोडवाली बाई बांधावर येऊन उभी राहिली, हंडा कमरेवर. मामींनी तिला पाहिलं आणि आत गेल्या. बराच वेळ ती तशीच उभी होती. मामा गोठ्यातून आले, त्यांनी कॉक उघडला, आणि मामींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "तिची बी लेकरं हायेत."

"माझं गेलंय," आतून मामींचा आवाज आला.

मामा गोठ्यात परतले. पाणी मात्र चालू राहिलं.

दुसऱ्या कालवडीचंही तसंच झालं. ती उभी होती आणि मग नव्हती. तिला तर कुणी पडताना पाहिलंही नाही. तिसरीला ताप चढला, तोंड आलं, ती खाली मान घालून उभी राहायला लागली. मी तुरटीच्या पाण्यानं तिचं तोंड धुवायचे, मामी तिला चमच्यानं पातळ पेज भरवायच्या. थोरलीला काहीच झालं नाही. त्याच बाटलीतली लस, त्याच दिवशी, त्याच हातानं. तिच्या आईचा चीक तिच्या रक्तातून थोडा आधी उतरला होता, म्हणून तिला पहिली लस थोडीफार लागली होती आणि दुसरीनं लगेच जोर धरला. इतकाच फरक. कुणी ठरवून केलेलं त्यात काहीच नव्हतं.

त्या दिवसांत मी बांधापलीकडंही जात होते. उजवा बैल बसला होता. त्याची खुरं मोरचुदाच्या पाण्यानं धुतली, मलम लावलं. बाईनं त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, त्या अक्कांची वासरं आमच्या बैलानं मेली का?"

मला खरं काय वाटत होतं ते मला माहीत होतं. ती लाळेची तार मी पाहिली होती. पण त्यांनी तरी हा रोग कुठून तरी उचललाच होता, कुठल्या तरी बाजारात, कुठल्या तरी हौदावर. मी म्हणाले, "बैलानं काय केलं? त्यालाही झालंय ते."

तिनं मान हलवली. तिला उत्तर कळलं होतं. काही दिवसांनी त्यांची तोड संपली आणि टोळी पुढच्या गावाला निघाली. बैल चालत होता, पण गाडी ओढत नव्हता. मागं दोरीनं बांधलेला. मामी ओसरीवर उभ्या होत्या. बाईनं बांधावरून हात जोडले. मामींनी जोडले नाहीत, पण आतही गेल्या नाहीत. गाडी वळेपर्यंत त्या बघत राहिल्या.

रोग गावात आणखी तीन-चार गोठ्यांत शिरला आणि थंडी वाढत गेली तसा थांबला. पुन्हा नमुने घ्यायची वेळ आली. त्यात मी मामांच्या उरलेल्या दोन कालवडींचंही रक्त पाठवलं. मैत्रिणीचा फोन आला.

"थोरली मस्त आहे. आणि ती तिसरी, तिच्या अँटिबॉडी बघून मी परत चाचणी लावली. इतक्या लशीनं कधी येत नाहीत."

"तिला रोग झाला होता."

"हो, तेही दिसतंय. लशीत नसलेल्या, फक्त खऱ्या विषाणूतून येणाऱ्या प्रथिनाविरुद्धच्याही आहेत. खूप दिवस टिकतील आता." तिचा आवाज थोडा बदलला. "कशी आहे ती?"

मी तिला सांगितलं, बरी आहे. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

ती चरायला लागली, अंग धरायला लागली. मग तिच्या अंगावर केस वाढायला लागले, दाट, लांब, अस्वलासारखे. आणि ती धापा टाकायला लागली. खुरकुतातून उठलेली काही जनावरं अशी होतात. शरीराला स्वतःची उष्णता आवरता येत नाही. सावलीतही त्यांची कूस भात्यासारखी हलत राहते. यावर औषध नाही. अशी गाय बहुतेक गाभण राहत नाही, राहिली तरी दूध देत नाही. मी मामांना हे सगळं सांगितलं. गावातल्या कुणीही तिला काढून टाकलं असतं.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "माळावर सोडून पुढं जायचं एकदा केलंय आम्ही."

त्यांनी तिच्यासाठी गोठ्याच्या उत्तरेला वेगळं छप्पर घातलं, वर पोती टाकली, पोत्यांवर पाण्याची नळी सोडली. मामी तिच्या अंगावरचे केस कात्रीनं कापतात. ते परत वाढतात. दोघी एकमेकींशी काही बोलत असल्यासारख्या दिसतात, पण जवळ गेलं की फक्त तिचा श्वास ऐकू येतो. तो आता मामांच्या स्वयंपाकघरातही येतो. जेवायला बसलं की येतो.

परवा गेले होते. थंडी चांगली पडली होती. मी स्वेटर घातला होता आणि मामांनी डोक्याला मफलर गुंडाळलेला. ओल्या पोत्यांखाली ती उभी होती, जीभ बाहेर, तोंडातून वाफा निघत होत्या. मामांनी तिच्या कुशीवर तळवा ठेवला आणि किती तरी वेळ तो हलू दिला.

"अजून उन्हाळा लागायचाय," ते म्हणाले.